गाळलेलं वाक्य

फोन आला तेव्हा मी ऑफिससाठी फ्रँकफर्टजवळच्या एश्बॉर्नच्या फलाटावर उतरले होते. एका हातात ब्रेत्झेल, म्हणजे इथला खारा पाव, खांद्याला लॅपटॉपची पिशवी, आणि डोक्यात मीटिंगमध्ये कुणाला काय सुनवायचं याची जुळवाजुळव. नंबर ऑस्ट्रेलियाचा होता. माझा धाकटा दीर मेलबर्नला असतो, त्याचाच असणार म्हणून मी "बोल सिद्धेश" म्हणत उचलला. पलीकडे एक बाई होती. इंग्रजीत म्हणाली, मी रोझ. एप्रिलमध्ये तुम्ही आणि तुमच्या सासूबाई वाळवंटात आमच्याकडे संध्याकाळच्या फेरीला आला होतात, मी दुभाषी होते, आठवतंय का? आठवतंय की, म्हटलं मी, आणि खरंच मनापासून आनंद झाला मला, नाहीतर त्या फलाटावर सकाळी कुणाचा आवाज ऐकून आनंद होतो माणसाला! रोझ म्हणाली, त्या बैठकीच्या जागेपाशी खडकावर कुणीतरी लाल काहीतरी लावलंय. रंग नाही, मेणकट आहे. त्या गोष्ट सांगणाऱ्या मावश्या एप्रिलनंतर मागच्या आठवड्यात पहिल्यांदाच तिकडे गेल्या तेव्हा दिसलं. कुणाला पकडायचं नाहीये आम्हाला, खरंच नाही. मावश्या एवढंच विचारतायत की ते काय आहे, आणि कुणासाठी लावलंय. गेलेल्या माणसासाठी की जिवंत माणसासाठी? ते कळल्याशिवाय त्या त्याला हात लावायला तयार नाहीत, आणि ते तिथे आहे तोवर तिथे बसायलाही तयार नाहीत. म्हणून त्या दिवसांत आलेल्या सगळ्यांनाच फोन करतोय. तुम्हाला काही माहिती आहे का? आणि मी म्हटलं, "नाही हो, मला काहीच कल्पना नाही." इतक्या पटकन म्हटलं की माझं मलाच ऐकायला आलं. रोझ म्हणाली, काही हरकत नाही, सासूबाईंना नमस्कार सांगा. मग फोन बंद झाला आणि मी ब्रेत्झेल खाल्लं. खाल्लं, हे मुद्दाम सांगतेय. भूक मेली वगैरे काही झालं नाही.

मी टेस्टिंगवाली आहे. दुसऱ्यांनी केलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि त्या त्यांच्या तोंडावर सांगायच्या, याचा मला पगार मिळतो. ऑफिसात माझी ख्याती अशी की ऊर्मिलाच्या हातून काही सुटत नाही. त्या दिवशी मी कपिलच्या कामातल्या चुका काढत बसले होते, आणि तो बिचारा "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे बरोबर, बरोबर, करत माना डोलवत होता, आणि मला आत कुठेतरी सारखं वाटत होतं की कुणीतरी माझ्या पाठीमागे उभं आहे. वाळूत पाय दुमडून बसलेल्या बायका. त्यांना बसायला जागा नाही. म्हणजे वाळवंट केवढं मोठं आहे, जागेला काय तोटा! पण ती जागा नाही. आपल्याच घराच्या ओट्यावर कुणी अनोळखी माणसाने काहीतरी ठेवून द्यावं आणि ते उचलावं की नाही हे न कळून आपण दारातच उभं राहावं, तसं काहीतरी. आणि ते काय आहे, कुणासाठी आहे, हे सांगू शकणारी जगात दोनच माणसं. एक मी. दुसरी माझी सासू, जी त्या क्षणी बाड हॉम्बुर्गच्या आमच्या घरात मटार सोलत असणार, आणि जिला आपण काही वावगं केलंय याची गंधवार्ता नव्हती.

त्या जागेचं नाव मी घेणार नाही. तो खडक जगात सगळ्यांना ठाऊक आहे, फोटो सगळ्यांनी पाहिलेत, सूर्य मावळताना तो कसा लाल होतो हे लहान पोरालाही माहीत आहे, त्यामुळे त्याचं वर्णनही करत नाही. आम्हाला नेलं होतं ते त्याच्या दुसऱ्या अंगाला. तिथे फोटो काढायची मनाई. फक्त बायकांची फेरी. नवरा, रुपेश, हॉटेलात कॉलवर आणि लेक उन्हाने भाजून पांढरं मलम फासून पडलेली, म्हणून मी आणि आई दोघीच गेलो. आई म्हणजे माझ्या सासूबाई. बसमध्ये दहाबारा बायका, त्यांतल्या चार कासेलच्या. जगात कुठेही जा, जर्मन बाई तिथे चांगले बूट घालून आधी पोचलेली असते. तोंडावर माश्यांसाठी जाळ्या. आईंनी जाळी पदरावरून घेतली आणि म्हणाल्या, "मधमाश्या पाळणारी दिसत असेन मी." तिथे दोन म्हाताऱ्या बायका वाळूत बसल्या होत्या. सगळे त्यांना मावशी म्हणत होते, म्हणजे आँटी, पण आई पहिल्यापासून मावशीच म्हणाल्या. त्यांतली थोरली आपल्या भाषेत सांगायची, रोझ ते इंग्रजीत सांगायची, तिचे उच्चार आईंना लागायचे नाहीत, म्हणून मी आईंच्या कानाशी मराठीत. बोलताना मावशी वाळूत बोटाने काढायची आणि पुसायची, काढायची आणि पुसायची. त्या जागेबद्दल तिने काय सांगितलं ते इथे लिहायचं नाही. बाहेर सांगू नका म्हणाल्या होत्या. तेवढं तरी पाळते.

सांगायचं ते पुढचं. गोष्ट संपली, ऊन उतरलं, खडकाच्या पायथ्याशी एक खोलगट कोनाडा होता, कमरेएवढ्या उंचीवर, आतून गुळगुळीत. मावशी हात करून काहीतरी म्हणाली. रोझ म्हणाली, "बसा, बघा. पण हात लावू नका, आणि काही ठेवू नका." दोन वाक्यं. मी आईंना पहिलं सांगितलं, "बसा, बघा म्हणतायत." दुसरं जिभेवर होतं. इतक्यात कासेलवाली मला विचारू लागली की तुम्ही पण जर्मनीच्या का, कुठल्या, हो का, बाड हॉम्बुर्ग का, माझी बहीण तिथे राहते. मी दोन शब्द बोलले. वळले तेव्हा बाकीच्या बायका चहाकडे निघाल्या होत्या, मावश्यांची पाठ होती, आणि आई कोनाड्यासमोर एकट्या उभ्या होत्या. त्यांनी पर्समधून डबी काढली. कुंकवाची, जुनी, एका बाजूला मेण आणि एका बाजूला कुंकू असलेली. जाळी मागे टाकली. आधी मेणाचं बोट लावलं खडकाला, मग त्यावर कुंकू. अगदी सावकाश, नीट गोल. हात जोडले. माझ्यापासून फार लांब नव्हत्या. "आई" म्हणून हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण मेण लावायला वेळ लागतो, नाही का? त्या वेळात मी हाक मारू शकत होते. मारली नाही असं नाही. मारणारच होते. पण मग आईंनी बोटावर उरलेलं कुंकू स्वतःच्या कपाळाला लावलं.

आता याचं काय झालं ते समजायला मागे जावं लागेल. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले, माझे सासरे, पुण्यात, कर्वेनगरच्या घरात, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. आम्ही इथून विमानाने पोचलो ते दुसऱ्या दिवशी सकाळी. आई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्या कपाळावर बरोबर मध्ये एक फिकट गोल होता. बेचाळीस वर्षं तिथे कुंकू होतं, त्याखाली ऊन लागलं नव्हतं. तो गोरा ठिपका मला त्यांच्या रडण्यापेक्षा जास्त लागला. आईंच्या नणंदा, चुलतजावा, कुणीतरी ते पुसलं असणार, कुणी आणि कसं ते मी विचारलं नाही. मला बरंच वाटलं की मी तिथे नव्हते. आई शिकलेल्या. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, ट्रंक कॉल जोडायच्या, पगार हातात घेतलेली बाई. कुणाच्या धाकात राहिल्या नाहीत. तरी ते पुसलेलं पुसलेलंच राहिलं. डबी मात्र पर्समध्ये तशीच. फ्रँकफर्टच्या विमानतळावर एकदा ती उघडून बघितली पोरसवदा सिक्युरिटीवाल्याने, वास घेतला, आणि आई मला म्हणाल्या, "त्याला सांग, सवय आहे नुसती."

आणि त्या फेरीच्या तीनच दिवस आधी सिद्धेशच्या नव्या घराची वास्तुशांत होती मेलबर्नला. म्हणून तर आम्ही सगळे गेलो होतो. पूजा छान झाली, गुरुजी ऑनलाइन होते, पुरणपोळ्या फ्रोझन होत्या पण बऱ्या होत्या. मग हळदीकुंकवाचं तबक फिरलं. सिद्धेशच्या कुणा मैत्रिणीची मुलगी, सातआठ वर्षांची, निधी नाव तिचं, तबक घेऊन सगळ्यांना लावत सुटली होती, आणि तशीच आईंसमोर येऊन उभी राहिली. आईंनी मान जरा पुढे केली. केली होती, मी पाहिलं. तेवढ्यात त्या पोरीच्या आईने तिचं कोपर धरून हळूच तिला पुढे नेलं. अगदी हसत, अगदी प्रेमाने. आई म्हणाल्या, "हो हो, जा बाळा, तिकडे दे." आणि मान मागे घेतली. माझ्या कपाळावर तेव्हा निधीने लावलेलं ओलं कुंकू होतं आणि ते नाकावर ओघळत होतं आणि मला ते पुसावं की नाही कळेना.

म्हणून. म्हणून खडकापाशी मी गप्प बसले. आई वळल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर ते होतं, जरा वाकडंच, आणि त्या हसल्या. नवी साडी नेसून बाहेर आलेल्या बाईसारख्या, कशी दिसते असं विचारावं की नको या विचारात. म्हणाल्या, "इथे कोण बघतंय!" मी काय म्हणणार होते तेव्हा? की आई, ते पुसा? मी म्हटलं, "चला, चहा देतायत." बसमध्ये बसेपर्यंत मी सारखी मागे वळून बघत होते, आणि बस निघाल्यावर इतकं हायसं वाटलं मला की मी कासेलवालीशी तासभर गप्पा मारल्या. आणि तेव्हापासून आई रोज कुंकू लावतात. मेलबर्नला लावलं, विमानात लावलं, त्या आमच्याबरोबर इथे आल्या तेव्हापासून रोज अंघोळ झाली की बेसिनच्या आरशात बघून लावतात. कुणी काही बोललं नाही. मैत्रेयी, माझी लेक, ती एकदाच म्हणाली, "श्योन, आजी," म्हणजे छान, आणि पुन्हा मोबाइलमध्ये तोंड घातलं. मला वाटत होतं, हे माझ्यामुळे झालंय. माझ्या गप्प बसण्यामुळे. मी जरा मिरवतही होते मनातल्या मनात. आता सांगा, हे कुठल्या तोंडाने सांगायचं रोझला? आणि आईंना? मी त्यांना ओळखते. दुसऱ्याच्या झाडाचं फूल न विचारता तोडलेलं खपत नाही त्यांना. परक्या बायकांच्या देवाला, नको म्हटलेलं असताना, आपण हात लावला हे कळलं की पहिलं काय जाईल तर ते कपाळावरचं. आणि या खेपेला ते पुसणारी मी असणार. नाही सांगितलं तर तिकडे त्या दोन म्हाताऱ्या आपल्याच जागेच्या बाहेर उभ्या. एक तर या बाईचं जातं, नाही तर त्या बायकांचं. मधे मी, मजेत, एस-बानच्या लोकलमध्ये खिडकीची जागा पकडून.

घरी आले तर मटारभाताचा वास, आणि आई बाल्कनीत शेजारच्या श्मिट आजोबांशी खाणाखुणांनी टोमॅटोच्या रोपांबद्दल बोलत होत्या. कपाळावर कुंकू. मला ते जसं काही आजच पहिल्यांदा दिसलं. मी रुपेशला बेडरूममध्ये ओढलं, दार लावलं, आणि सगळं सांगितलं. खडकापाशी काय झालं तेही त्याला आजच कळत होतं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, तो नेहमीच शांतपणे ऐकतो, त्याचाच मला राग येतो, आणि म्हणाला, "आल्झो, हे बघ, सिंपल आहे. तू नाही म्हणालीस ना? मग झालं. उगीच खाजवून खरूज काढू नकोस. दंडबिंड असेल तर? बघू, आपल्या रेश्ट्सशुट्समध्ये बसतं का." म्हणजे वकिलाचा खर्च देणाऱ्या विम्यात. मी म्हटलं, "रुपेश, त्या बायका बाहेर बसल्यायत." तो म्हणाला, "आणि आईचं काय? बाबा गेल्यापासून पहिल्यांदा जरा माणसात आलीय ती. श्मिटशी गप्पा मारतेय बघ. तुला तिला पुन्हा त्या खुर्चीत बसवायचंय का?" हे खरं होतं, आणि मला हेच ऐकायचं होतं, आणि ते ऐकल्यावर मला स्वतःची इतकी किळस आली की मी दार उघडून बाहेर आले. बाहेर मैत्रेयी उभी होती. पोरगी मराठी बोलत नाही पण भिंतीपलीकडचं मराठी तिला बरोबर कळतं. "वाइस आजी दास?" म्हणाली. आजीला माहितीय का हे? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मान्न, मामा." म्हणजे, काय गं हे, आई. आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी कपिलकडे बघते.

जेवणं झाली. रुपेशने भांडी मशीनमध्ये लावली, कधी नव्हे ते. जूनमध्ये इथे साडेनऊपर्यंत उजेड असतो, माणसाला तोंड लपवायला अंधारही मिळत नाही. आई बाल्कनीत तुळशीच्या कुंडीपाशी बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि म्हटलं, "आई, सकाळी रोझचा फोन होता." "कोण रोझ? ती वाळवंटातली? अगंबाई, काय म्हणतेय?" केवढा आनंद झाला त्यांना! मग मी सांगितलं. सरळ नाही सांगितलं, आधी आडून आडून, मग त्यांच्या डोळ्यांकडे न बघता भराभरा. मावशी दोन वाक्यं म्हणाली होती, मी एकच सांगितलं, दुसरं राहिलं. आई ऐकत होत्या. कॉल जोडताना बसत असतील तशाच बसल्या होत्या, मान जरा तिरकी, मधे एक शब्द नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "राहिलं की गाळलंस?"

मी म्हटलं, आधी राहिलं. मग गाळलं.

"का?"

"तुम्ही कपाळाला लावलंत ना, म्हणून. मला बघवेना. म्हणजे, उलट. बरं वाटलं बघून."

"माझी दया आली तुला."

"नाही हो आई."

"आली. येऊ दे, त्यात काय." खाली कुणाची तरी सायकल लावल्याचा आवाज झाला. "ऊर्मिला, आमच्याकडे एक्स्चेंजला मधे बसलेल्या मुलीने स्वतःच्या पदरचं बोलायचं नाही आणि गाळायचंही नाही. कुणाचा बाप गेला असेल, कुणाचं लग्न मोडलं असेल, ज्याचं त्याला पोचवायचं. त्याला सोसेल की नाही हे आपण कोण ठरवणार? मी पस्तीस वर्षं पोचवलं. आणि तू मला एवढं पोचवू शकली नाहीस." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "मी त्यांच्या पाठीमागे हे करून आले. त्या म्हातारीने आपलं म्हणून दाखवलं, आणि मी..." त्यांनी हात कपाळाकडे नेला आणि पदराने कुंकू पुसायला लागल्या. मेणावरचं ते, नुसतं फासत गेलं, अर्धं कपाळ लाल झालं. "असू दे ना आई," मी म्हटलं, रडायलाच लागले मी, "त्याचा काय दोष!" त्या उठल्या. स्वयंपाकघरात जाऊन खोबरेल तेल घेतलं, बेसिनपाशी उभ्या राहिल्या आणि घासून घासून काढलं. मी दारात उभी राहून बघितलं. दोन वर्षांपूर्वी मी एक दिवस उशिरा पोचले होते. या वेळी वेळेवर होते.

"तिला उद्या फोन लाव," खोलीत जाताना आई म्हणाल्या. "मी बोलते."

रात्री मला झोप लागली नाही असं म्हणणार होते, पण लागली. सकाळी उठले तर आई अंघोळ करून, इस्त्रीची साडी नेसून, जेवणाच्या टेबलापाशी तयार बसल्या होत्या. कपाळ मोकळं. चोळून चोळून लाल झालं होतं, तो जुना फिकट गोल आता तिथे नव्हता. मी फोन स्पीकरवर टाकून मधे ठेवला. शनिवार, तरी रुपेश चहाचा कप घेऊन दाराशी, मैत्रेयी त्याच्या मागे. रोझने उचलला. मी म्हटलं, काल मी खोटं बोलले. ती "अं" म्हणाली, बास. मी म्हटलं, सासूबाई बोलणार आहेत, मावशी आहेत का? तिने थांबायला सांगितलं. मग पावलांचे आवाज, एक कुत्रं, कुणीतरी हसलं, आणि तो जाड आवाज आला, वाळूत बोट फिरवणाऱ्या बाईचा. आईंनी आपोआप पदर सावरला.

"एकेक वाक्य सांगते," आई मला म्हणाल्या. "तसंच्या तसं दे." आणि फोनकडे वळून बोलू लागल्या. "ते कुंकू आहे. हळदीचं असतं. आमच्याकडे देवीला लावतात." मी इंग्रजीत सांगितलं, रोझने पुढे दिलं. "आणि जिचा नवरा आहे त्या बाईला लावतात. माझा नवरा नाही. दोन वर्षं झाली." मी दिलं. "तुम्ही हात लावू नका म्हणालात ते मला कळलं नव्हतं. पण कळलं नव्हतं म्हणून चूक नव्हती असं नाही." हे इंग्रजीत करताना माझी जीभ अडखळली, कारण कळलं नव्हतं यात मी होते आणि आईंनी माझं नाव घेतलं नव्हतं. मी आपणहून म्हटलं, मी सांगितलं नव्हतं त्यांना. आईंनी माझ्याकडे पाहिलं. माझं इंग्रजी कळतं त्यांना तेवढं. "पदरचं घालू नकोस," म्हणाल्या. मग पुढे, "तुम्ही विचारलंत कुणासाठी. गेलेल्यासाठी नाही. मी ते माझ्यासाठी लावलं. जिवंत माणसासाठी."

पलीकडे ते पोचलं. मग मावशी बोलली, बराच वेळ, मधे दुसरीही काहीतरी म्हणाली, दोघी आपापसात बोलल्या. रोझ म्हणाली, "मावशी म्हणते, जिवंत आहे ना, मग बरं. त्यांना काळजी वाटत होती की कुणी मेलेल्या माणसाचं काही तिथे ठेवून गेलंय की काय. ती म्हणते, रागावली होती. अजून थोडी आहे. ते तिथे राहू शकत नाही, ती जागा त्याची नाही. पण तुम्ही ते स्वतःसाठी लावलंय, तर तुमच्या शब्दाशिवाय काढणार नाहीत. ती विचारतेय, आम्ही पुसलं तर चालेल का?"

धुतलं तर, म्हणता आलं असतं. काढलं तर. साफ केलं तर. मराठीत काय शब्दांना दुष्काळ आहे! आई वाट बघत होत्या. "काय म्हणतायत? गाळू नकोस."

"विचारतायत की," मी म्हटलं, "कुंकू पुसलं तर चालेल का."

फोनमधून नुसता वारा ऐकू येत होता. रुपेशने कप खाली ठेवला. मग आई म्हणाल्या, फोनला नाही, कुणालाच नाही, "मला कुणी विचारलं नव्हतं. वन्संनी मागून येऊन ओला टॉवेल फिरवला. मी चहा पीत होते." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आवाज न करता. बाबा गेले तेव्हा अशा रडल्या नव्हत्या. मी विचारलं, "हे सांगू का त्यांना?" त्या म्हणाल्या, "नको. ते त्यांचं नाही." नाक पुसलं, घसा साफ केला. "म्हणावं, पुसा. चालेल. विचारलंत, फार बरं वाटलं म्हणावं. आणि पाण्याने जाणार नाही ते, मेण आहे खाली. आधी तेलाचं बोट लावा." मी सगळं दिलं, तेलासकट. पलीकडे मावशी मोठ्याने हसली, काहीतरी म्हणाली, आणि रोझ म्हणाली, "ती म्हणते, बरं झालं सांगितलंत, आम्ही उगीच घासत बसलो असतो." आईही हसल्या, रडता रडता. मग फोन ठेवला.

मला वाटलं, संपलं. इतकं हलकं वाटलं मला, इतकं सुटल्यासारखं, की काहीतरी करावं, ताबडतोब, आईंसाठी करावं, असं होऊन मी उठले. त्यांच्या खोलीत गेले. डबी पर्समध्ये तळाशी टाकलेली होती, ती काढली, बाहेर आणली आणि झाकण उघडून त्यांच्यापुढे धरली. म्हटलं, "आई, तिथलं पुसतायत ते ठीक आहे. पण इथे तुम्ही लावायचं. अगदी रोज लावायचं. मी सांगते ना." मैत्रेयीने मागून "मामा, नाइन," आई, नको, असं काहीतरी हळूच म्हटलं.

आईंनी डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावल्या नव्हत्या. दमल्या होत्या फक्त.

"पर्स उघडताना," त्या म्हणाल्या, "विचारलंस का मला?"

मी झाकण लावलं. कुठे ठेवू, हेही विचारायला हवं होतं, आणि तेवढंही मला विचारता येईना. आई चहा गरम करायला आत गेल्या, आणि मी डबी हातात धरून तिथेच उभी राहिले.